नातू उलटा का पळतो

डॅलस, टेक्सस

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी व्हिडिओ बघून तुम्ही विचारलंत, "पोरगं उलटं का पळतंय?" आई हसत सुटली आणि माझं सांगणं राहूनच गेलं. म्हणून लिहितोय.

तुमचा नातू अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉर्नरबॅक आहे, म्हणजे कडेचा बचावपटू. आपल्या कबड्डीतला कोपरारक्षकच समजा, फक्त मैदान १०० यार्ड लांब. समोरचा रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलायला पळणारा, कुठं वळणार हे त्याला ठाऊक, आपल्या पोराला नाही. म्हणून सात यार्ड, म्हणजे वीसेक फूट अंतर ठेवून, त्याच्याकडं तोंड करूनच मागं सरकायचं. याला बॅकपेडल म्हणतात. कंबर खाली, छाती गुडघ्यांच्या वर झुकलेली, भार चवड्यांवर. टाच टेकली की संपलं.

रिसीव्हर मध्येच थांबून उलटा फिरला, तर मागचा पाय आडवा रोवायचा आणि तिथूनच पुढं झेप. तो सुसाट अंगावर आला, तर कंबर बाजूला वळवून त्याच्या जोडीनं पळायचं. वळताना अंग वर उठलं किंवा एक पाऊल जास्त पडलं, की तो हाती लागत नाही.

खरी पंचाईत पुढंच. आपण डावीकडं वळलो आणि तो झटक्यात उजवीकडं वळला तर? तेव्हा क्षणभर त्याच्याकडं चक्क पाठ करायची! मान झटक्यात फिरवायची, खांदे आणि कंबर मागोमाग येतात, पाय मात्र थांबवायचे नाहीत. शुक्रवारच्या मॅचमध्ये पठ्ठ्याला पाठ फिरवायचा धीर झाला नाही. अर्धवट वळून अडखळला, टचडाउन गेला, म्हणजे समोरच्यांना गुण मिळाले. रात्री जेवला नाही. अकरा वाजता बाहेर बुटांची खरखर ऐकू आली, तर गॅरेजसमोरच्या काँक्रीटच्या सांध्यावर एकटाच वळतोय. मग रिसीव्हर कोण? मी! दुसऱ्या दिवशी गुडघ्याला बर्फ लावून बसलो होतो.

त्याचे कोच म्हणतात, डोळ्यांकडं बघू नकोस, डोकं-खांदे हुलकावणी देतात. कमरेकडं बघ. त्यानं मला विचारलं, "आजोबा कोपऱ्यावर असताना चढाईवाल्याचं काय बघायचे?" मला सांगता आलं नाही.

या रविवारी फोन तोच उचलेल. तेवढं त्याला सांगा. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत आलं तर रागावू नका.

आईला नमस्कार.

तुमचा,
बंड्या