जाहिरातीतली फी आणि पदवी हातात पडेपर्यंतचा खर्च

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या करिअर पुरवणीत नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने पदवी घेण्याविषयीचा लेख वाचला. लेख चांगला होता, माझ्या दोन सहकाऱ्यांनी तो कापूनही ठेवला आहे. त्यात ‘खर्चही कमी’ असे एका वाक्यात म्हटले आहे. त्या एका वाक्याबद्दल मला लिहायचे आहे, कारण याच भरवशावर मी प्रवेश घेतला होता.

मी एका कंपनीच्या लेखा विभागात काम करते. वरच्या पदासाठी पदव्युत्तर पदवीची अट आली तेव्हा मी 38 वर्षांची होते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम मला पुरा करायला साडेचार वर्षे लागली. हिशेब हेच रोजचे काम असल्यामुळे पहिल्या दिवसापासून मी एक वही ठेवली होती. पहिल्या पानावर एकच नोंद आहे, प्रवेशाच्या वेळी भरलेल्या फीची. जाहिरातीत होता तोच आकडा. नोंदींची गर्दी पुढच्या पानांपासून सुरू होते. परीक्षा फी वेगळी, असाइनमेंट उशिरा दिल्याचा दंड, संपर्क वर्गांसाठीचा प्रवास आणि मुक्काम, प्रोजेक्टच्या मंजुरीची फी, नोंदणीची मुदत संपली म्हणून पुनर्नोंदणी, शेवटी पदवी प्रमाणपत्राची फी. सगळ्याची बेरीज पहिल्या पानावरच्या आकड्याच्या पावणेदोन पट झाली. मला कोणी फसवले असे मी म्हणणार नाही. प्रत्येक नियम माहितीपत्रकात कुठे ना कुठे छापलेला होता, प्रत्येक पैशाची पावती मिळाली. फक्त ते सगळे आकडे एका जागी, एका बेरजेत, मला कोणी दाखवले नव्हते.

या पावणेदोन पटीत बिनपगारी रजा धरलेली नाही. ती धरली तर वहीतला सर्वांत मोठा आकडा तिचाच आहे.

त्यातली एक गोष्ट सविस्तर सांगते. तिसऱ्या सत्राचा एक पेपर नेमका आमच्या वर्षअखेरच्या ताळेबंदाच्या आठवड्यात आला. त्या आठवड्यात लेखा विभागात रजा मागणे म्हणजे सहकाऱ्यांच्या डोक्यावर काम टाकणे, त्यामुळे मी पेपर सोडला. पुढची संधी सहा महिन्यांनी होती. त्या विषयात उत्तीर्ण झाल्याशिवाय प्रोजेक्ट सुरू करता येत नव्हता. प्रोजेक्ट लांबला तोवर नोंदणीची मुदत संपली. म्हणजे एका हुकलेल्या पेपरामुळे पुनर्परीक्षेची फी, पुनर्नोंदणीची फी आणि पदोन्नतीची एक पूर्ण फेरी, इतके गेले. शेवटच्या गोष्टीची पावती मिळत नाही. पण दर महिन्याच्या पगारातला फरक मांडून पाहिला, तेव्हा तो आकडा बाकी सगळ्या फुटकळ शुल्कांपेक्षा मोठा निघाला.

विशीतल्या विद्यार्थ्याला एक वर्ष उशीर झाला तर त्याच्यापुढे चाळीस वर्षांची नोकरी असते. चाळिशीतल्या माणसाकडे पदवीचा खर्च भरून निघायला वीसच वर्षे उरलेली असतात. त्यात मुलांच्या शिक्षणाची फी आणि घराचा हप्ता त्याच काळात येतो. त्यामुळे वयाने मोठ्या विद्यार्थ्याने फीपेक्षा मुदतीचा हिशेब आधी करायला हवा आणि संस्थेनेही त्याला तो करून दाखवायला हवा. ‘दोन वर्षांचा अभ्यासक्रम’ असे छापण्याऐवजी ‘नोकरी करणाऱ्यांना पदवी मिळायला प्रत्यक्षात सरासरी इतकी वर्षे लागली’ असे छापणे अवघड नाही. प्रवेशाची आणि पदवीची तारीख प्रत्येक संस्थेकडे असतेच.

दूरशिक्षण स्वस्त असते हा समज हवेतून आलेला नाही. लंडन विद्यापीठाने 1858 मध्ये आपल्या परीक्षा महाविद्यालयाबाहेरच्या विद्यार्थ्यांना खुल्या केल्या. पुढे ब्रिटनमध्ये 1969 मध्ये मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि 1971 पासून तिथे पूर्वपात्रतेची अट न घालता नोकरदारांना प्रवेश मिळू लागला. कॅनडा, स्पेन, जर्मनी, भारत अशा अनेक देशांत त्यानंतर अशी विद्यापीठे उभी राहिली. या सगळ्यांमागचे गणित एकच होते. अभ्यास साहित्य तयार करायला सुरुवातीला भरपूर पैसा लागतो, पण एकदा ते तयार झाले की दहा हजारावा विद्यार्थी जवळजवळ फुकट शिकतो. इमारत, वसतिगृह, प्रयोगशाळा यांचा भार माणशी कमी होतो. म्हणून फी कमी ठेवता येते.

मग आज ऑनलाइन पदव्यांची फी कित्येक ठिकाणी वर्गातल्या पदवीइतकीच का असते, हे मी खूप दिवस शोधत होते. अमेरिकेतल्या व्यवहाराची माहिती वाचल्यावर थोडे कोडे सुटले. तिथल्या अनेक विद्यापीठांनी ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायला खासगी कंपन्यांकडे दिले. जाहिरात, विद्यार्थी शोधून आणणे, तांत्रिक व्यवस्था हे सगळे कंपनीने करायचे आणि मोबदल्यात फीचा वाटा घ्यायचा. हा वाटा बऱ्याच करारांत निम्म्याच्या आसपास असतो. विद्यार्थी आणण्यासाठी कमिशन देण्यावर तिथे बंदी आहे, पण इतर सेवांसोबत हे काम केले तर फीतला वाटा घेता येईल, अशी सवलत तिथल्या शिक्षण खात्याने 2011 मध्ये दिली. त्यानंतर हा धंदा फोफावला. यातली एक मोठी कंपनी, टू-यू, जुलै 2024 मध्ये दिवाळखोरीत गेली. रात्री अकरा वाजता व्याख्यान ऐकत बसलेल्या नोकरदाराच्या फीतला मोठा हिस्सा पुढच्या विद्यार्थ्यापर्यंत जाहिरात पोचवण्यासाठी खर्च होत असेल, तर त्याला तो शिक्षणाचा खर्च म्हणून सांगू नये.

उलट दिशेचे उदाहरणही त्याच देशात आहे. जॉर्जिया टेक या नावाजलेल्या संस्थेने 2014 मध्ये संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन सुरू केली. पूर्ण पदवीचा खर्च सुमारे 7,000 डॉलर, म्हणजे कॅम्पसवरच्या फीच्या तुलनेत फारच कमी. फी विषयागणिक भरायची, ज्या सत्रात जितके झेपेल तितकेच घ्यायचे. तिथल्या अर्जदारांचा अभ्यास झाला तेव्हा ऑनलाइनवाल्यांचे सरासरी वय 34 आणि कॅम्पसवाल्यांचे 24 निघाले. ही पदवी नसती तर त्यातले बहुतेक जण दुसरीकडे कुठे शिकायला गेलेच नसते, असेही त्यातून दिसले. हे आकडे वाचले त्या रात्री मी कितीतरी वेळ जागी होते. योग्य किमतीला मिळाले तर शिकायला तयार असलेली, नोकरीला लागलेली इतकी माणसे आहेत!

फी वाढल्यावर हीच माणसे किती मुकाट्याने बाहेर पडतात, हे इंग्लंडमध्ये दिसले. तिथे 2012 मध्ये सरकारी अनुदान कमी होऊन फी एकदम वाढली. त्या बदलाच्या आसपासच्या पाचेक वर्षांत अर्धवेळ पदवीला प्रवेश घेणाऱ्यांची संख्या निम्म्यावर आली. पूर्णवेळ तरुण विद्यार्थी कर्ज काढून येत राहिले. नोकरी आणि संसार असलेल्यांनी मात्र कर्ज टाळले आणि शिक्षणही. कर्जाचा नियमही त्यांच्या सोयीचा नव्हता. अर्धवेळ विद्यार्थ्याची पदवी लांबलेली असली, तरी उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून चार वर्षांनी येणाऱ्या एप्रिलमध्ये परतफेड सुरू होते. हातात पदवी नाही, वाढीव पगार नाही आणि कपात चालू.

‘कमावत्या माणसाने स्वतःच्या प्रगतीचा खर्च स्वतः करावा’ असे आमच्या कार्यालयातही काही जण म्हणतात. करावाच. मी केला, कर्ज न काढता केला. पण किती करायचा आहे, हे आधी कळायला नको का?

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकारिणीला ते कळले असते तर तिने वेगळा निर्णय घेतला असता. तिने माझ्यासोबतच प्रवेश घेतला होता. संपूर्ण वर्षाची फी एकदम भरली, कारण तशी भरली तर थोडी सवलत होती. दुसऱ्या सत्रात तिची आई अंथरुणाला खिळली. संस्थेने फी परत द्यायला नकार दिला, मुदत संपल्याचे कारण सांगून. पहिल्या सत्रात तिने चार विषय चांगल्या गुणांनी सोडवले होते, तेही काही वर्षांनी बाद झाले. पुन्हा शिकायचे तर पहिल्यापासून सुरुवात. तिने ती केली नाही. तिच्या कपाटात पुस्तकांचा अख्खा संच कोऱ्या वेष्टनात पडून आहे. दूरशिक्षणात मध्येच शिक्षण सुटणाऱ्यांचे प्रमाण वर्गातल्या शिक्षणापेक्षा जास्त असते, हे या क्षेत्रातले सगळेच जाणतात. सर्वांत महाग पडते ती अशी अर्धी राहिलेली पदवी, कारण पैसे गेलेले असतात आणि नोकरीच्या अर्जात लिहायला काहीच नसते.

यावर उपाय नवा शोधायची गरज नाही. विषयागणिक फी ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातही घेतली जाते. युरोपात एका वर्षाच्या अभ्यासाला 60 श्रेयांक (म्हणजे क्रेडिट, अभ्यास मोजण्याचे एकक) धरण्याची पद्धत आहे, ज्यामुळे एका संस्थेत कमावलेले श्रेयांक दुसरीकडे मोजता येतात. चार विषय झाले की छोटे प्रमाणपत्र, आठ झाले की पदविका, अशा पायऱ्या ठेवल्या तर माझ्या सहकारिणीच्या हातात निदान एक कागद असता.

मालकांबद्दलही थोडे लिहिते. बऱ्याच कंपन्या फीची भरपाई देतात, पण उत्तीर्ण झाल्यावर, आणि पुढे काही वर्षे नोकरी न सोडण्याच्या अटीवर. गरज असते ती प्रवेशाच्या दिवशी. ज्याच्याकडे आधीच साठलेले पैसे आहेत त्यालाच या योजनेचा फायदा होतो आणि कनिष्ठ पदावरचा माणूस, ज्याला पदोन्नतीची सर्वांत जास्त निकड आहे, तो बाहेर राहतो. परीक्षेच्या रजेचे तर नावच नको. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पगारी शैक्षणिक रजेचा करार 1974 मध्ये संमत केला, त्याचा क्रमांक 140. बहुतेक सदस्य देशांनी अजून तो स्वीकारलेला नाही. वर्षातून परीक्षेपुरते आठ-दहा दिवस पगारी मिळाले असते, तर माझ्या वहीतली मोठी बाकी निघूनच गेली असती.

संपादक महोदय, संस्थांच्या नियमांवर आपला अधिकार चालत नाही, हे मला समजते. पण प्रवेशाच्या दिवसांत आपल्या पुरवणीत या अभ्यासक्रमांची माहिती चौकटीत येते. अभ्यासक्रमाचे नाव, कालावधी, फी, संपर्क. त्या चौकटीत आणखी तीन रकाने वाढवावेत, अशी विनंती आहे. पदवी हातात पडेपर्यंतचे सर्व शुल्क मिळून एकूण रक्कम. प्रवेश घेतलेल्या दर शंभर जणांपैकी किती जणांना पदवी मिळाली आणि किती वर्षांत. मध्येच सोडल्यास फीपैकी किती परत मिळते आणि झालेले विषय किती वर्षे ग्राह्य धरतात. जी संस्था ही माहिती देणार नाही, तिच्यापुढचा रकाना कोरा छापावा.

मला पदवी मिळाली, पदही मिळाले. शिकल्याचा मला पश्चात्ताप नाही. कामात मला त्या अभ्यासाचा रोज उपयोग होतो. यंदा आमच्या विभागातल्या एका तरुण मुलीने प्रवेश घ्यायचे ठरवले आहे, ती परवा माझ्याकडे विचारायला आली होती. मी तिला वही दिली. तिने दोन दिवसांनी ती परत केली, सोबत तिने स्वतः केलेला तक्ता होता आणि त्यात वर्षअखेरच्या आठवड्यावर लाल पेनने वर्तुळ केलेले होते. वही अजून माझ्याकडेच आहे. पुरवणी तयार करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना उपयोग होणार असेल तर तिच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स मी पाठवीन.

कळावे,
आपली नियमित वाचक