आकडा छापता, कामही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी ठाणे-नवी मुंबईच्या पानावर एक बातमी हमखास येते: अमुक महाविद्यालयाचे प्राध्यापक जगातील अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांत. पुष्पगुच्छ घेतलेला फोटो असतो, प्राचार्यांचे अभिनंदन असते. आपल्याकडच्या माणसाचे नाव छापून आले की मलाही बरे वाटते. पण बातमी दोनदा वाचूनही त्यांनी नेमके काय शोधले ते कळत नाही.

ही यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी शोधनिबंधांच्या स्कोपस या माहितीसाठ्यावरून काढतात. तो पुरस्कार नाही, हिशेब आहे: कोणाच्या पेपरांचे संदर्भ (सायटेशन) पुढच्या पेपरांत किती वेळा घेतले गेले याचा. आणि हिशेब मांडणाऱ्यांनी काळजीही घेतली आहे. त्यांनी २२ क्षेत्रे आणि त्यांखाली दीडशेहून जास्त उपक्षेत्रे पाडली. स्वतःच्याच पेपरांना दिलेले संदर्भ वगळून वेगळा आकडा दिला. पूर्ण कारकिर्दीची आणि एका वर्षाची अशा दोन याद्या ठेवल्या. बातमीत यातले काही येत नाही.

मी ३२ वर्षे स्थापत्य अभियांत्रिकी शिकवली. दोन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात बढतीच्या मुलाखतींना बाहेरचा तज्ज्ञ म्हणून बसलो होतो. स्थापत्य विभागाच्या एक प्राध्यापिका आल्या. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत काँक्रीटमधली सळई कशी गंजते, हा त्यांचा विषय. त्यांनी काँक्रीटचे नमुने चार पावसाळे खाडीकाठी ठेवले होते. मग एकेक थर मिलिमीटरच्या हिशेबाने खरवडून, त्या भुकटीची चाचणी करून सळई गंजवणारे क्लोराइड किती आत शिरले ते मोजले होते. अध्यक्षांनी लॅपटॉपवर पेपरांचे संदर्भ मोजणारे गुगल स्कॉलर उघडले, उजवीकडची आकड्यांची चौकट पाहिली आणि म्हणाले, ‘मॅडम, तुमचा एच-इंडेक्स फक्त ६? आत्ताच रसायनशास्त्राचे सर येऊन गेले, त्यांचा २१ आहे.’ टेबलावरच्या फाइलमधला एकही पेपर कोणी उघडला नाही. मी हरकत घेतली, पण तोवर शेरा लिहून झाला होता. ते अजून मनातून जात नाही.

एच-इंडेक्स ६ म्हणजे किमान सहा वेळा संदर्भ घेतला गेला असे सहा पेपर. कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये हे माप सुचवले, तेव्हाच वेगवेगळ्या विषयांचे आकडे एका रांगेत लावता येत नाहीत हे सांगितले होते. रसायनशास्त्रात माणसे जास्त, पेपर जास्त, प्रत्येक पेपरामागची संदर्भयादी लांब. गणितात ती आखूड. संगणकशास्त्रात चांगले काम बहुतेक परिषदांत मांडले जाते. आणि अभियांत्रिकीत तर काम वापरणारा माणूस पेपर लिहीतच नाही! त्या प्राध्यापिकांचे निष्कर्ष वाचून एखाद्या स्ट्रक्चरल ऑडिटरने सळईवरचे काँक्रीटचे कव्हर वाढवायला सांगितले, तर इमारतीचे आयुष्य वाढेल, सायटेशन मात्र एकही वाढणार नाही. ठाण्यात, वाशी-कोपरखैरण्यात स्लॅबचे प्लास्टर सुटून गंजलेली सळई दिसणारी घरे शोधायला लागत नाहीत. हे काम कोणाच्या कामाचे आहे ते त्या घरांत राहणाऱ्यांना विचारावे.

काही कामांची दखल तर फार उशिरा घेतली जाते. गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचे माध्यमिक शिक्षण आपल्या ठाण्यात झाले. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा (उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य धरा). फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. देवळालीच्या या शाळामास्तरांना हे १९४९ मध्ये सापडले. गणितावर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले ते १९७५ साली. मधली २६ वर्षे कुठल्या चौकटीत मोजणार होतो आपण?

आकड्यावर बढती ठरते म्हटल्यावर आकडा फुगवणारेही निघतात. २०२३ मध्ये क्लॅरिव्हेट या कंपनीला सर्वाधिक सायटेशन मिळवणाऱ्यांच्या यादीतून गणित हा विषयच वगळावा लागला, कारण लहान विषयात थोड्या सायटेशनची फिरवाफिरव केली तरी नाव वर चढते. शोधनिबंधाची किंमत जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्या जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्यावरून करू नये, असे संशोधन मोजण्याविषयीच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने २०१२ सालीच म्हटले होते. आपल्या निवड समित्यांनी उमेदवाराचे त्यानेच निवडलेले तीन पेपर तरी वाचावेत, आणि त्या विषयाचा एक जाणकार समोर बसवावा. याला पैसे लागत नाहीत, एक दुपार लागते.

तुमच्याकडेही एक मागणे आहे. पुढच्या वेळी अशी बातमी आली की बातमीदाराने प्राध्यापकांना काम काय केले आणि ते कोण वापरते, एवढे विचारावे आणि उत्तर छापावे. त्या प्राध्यापिकांचे नमुने अजून खाडीकाठीच आहेत, हा त्यांचा सहावा पावसाळा. कोणी पाहायला येणार असेल तर मी सोबत येईन.

एक निवृत्त प्राध्यापक,
नौपाडा, ठाणे (प.)