नव्या बॅटरीची वाट कोणी पाहावी आणि कोणी पाहू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत विजेवरच्या गाड्यांवर पानभर मजकूर आला. फोटो छान होते. पण साताऱ्यात सध्या जो तो जे विचारतो आहे, त्याला त्या पानावर जागा मिळाली नाही. गाडी आत्ता घ्यावी, की पुढच्या वर्षी मोठी बॅटरी, नवी चिप, नवा प्लॅटफॉर्म येणार म्हणतात त्यासाठी थांबावे? मी एमएसईबीत नोकरी केली. तेवढ्या भांडवलावर गोडोलीपासून करंजेपर्यंतचे ओळखीचे लोक मला गाठून "काका, घेऊ का थांबू?" म्हणून विचारतात. मला गाड्यांतले फारसे कळत नाही, युनिट आणि लोड कळतो. पण हा प्रश्न बराचसा युनिटचाच आहे, म्हणून लिहितो.

आधी साताऱ्याच्या माणसाला गाडी लागते किती ते पाहू. पुण्याला जाऊन परत येणे म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर. जाताना खंबाटकीला बोगदा आहे. येताना मात्र जुन्या रस्त्याने आलात तर घाट चढायचा, आणि तोही बॅटरी उतरत आलेली असताना. जानेवारी २०२० मध्ये टाटांची पहिली नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा बॅटरी होती ३०.२ युनिटची (युनिट म्हणजे किलोवॉट-तास) आणि कागदावरची रेंज ३१२ किलोमीटर. एसी लावून हायवेच्या वेगाने गेलात, तर परतीला शिरवळपासून आकड्यावरची नजर हलत नसे. मे २०२२ मध्ये ४०.५ युनिटची बॅटरी आली, २०२४ मध्ये ४५ युनिटची. आता कागदावर ४८९ किलोमीटर लिहितात, हायवेला तीनशेच्या आसपास धरून चालावे. म्हणजे पुणे करून खंबाटकी चढून घरी येण्याइतकी गाडी बाजारात आलेली आहे. महिंद्रांची ७९ युनिटची आहे, हॅरियरची ७५ ची आहे. ज्याला ऐपत आहे त्याने जरूर घ्यावी. पण ज्याची धाव पुणे, कराड, कोल्हापूर एवढीच आहे, त्याचे त्या जादा तीस युनिटांवाचून काही अडत नाही. मुंबई अडीचशे किलोमीटर, तिथे जाऊन यायचे तर वाटेत एकदा थांबावे लागेल. तसे आपण पेट्रोल गाडीतही थांबतोच.

घाटाचे आणखी एक सांगतो, कारण शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही. उतारावर मोटर उलटी काम करून बॅटरीत वीज परत भरते. पण महाबळेश्वरला हॉटेलात रात्रभर लावून शंभर टक्के भरून निघालात, तर पसरणी उतरताना ती वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर निघावे. यासाठी २०२७ चे मॉडेल लागत नाही.

आता थांबण्याचा हिशेब. महिन्याला १,५०० किलोमीटर फिरणारा घ्या. पेट्रोल गाडी लिटरला १५ देते आणि पेट्रोल १०५ रुपये, असे धरले तर महिन्याचे १०,५०० रुपये झाले. विजेची गाडी युनिटला सहा किलोमीटर जाते आणि भरताना थोडी वीज वाया जाते, म्हणून २७५ युनिट धरा. घरचा स्लॅब वर चढतो, म्हणून युनिटचा दर मुद्दाम चढा, १५ रुपये लावतो. तरी ४,१०० च्या आसपासच होतात. वर्षाला पाऊणलाख वाचतात. हा माणूस नव्या मॉडेलसाठी वर्षभर थांबला, तर ते थांबणे त्याला पाऊणलाखाला पडले. आता महिन्याला ४०० किलोमीटर फिरणारे निवृत्त गृहस्थ घ्या, म्हणजे माझ्यासारखे. त्यांचे वर्षाचे वाचतात जेमतेम वीस हजार. त्यांनी खुशाल थांबावे. त्यांना थांबणे स्वस्त आहे, आणि तोवर जुनी गाडी चालतेच आहे.

आपल्याकडे नेमके उलटे चालते. रोज शिरवळ एमआयडीसीला जाऊन येणारा तरुण सॉलिड-स्टेट (आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेल्या) बॅटरीची वाट पाहत बसतो, आणि आठवड्यातून एकदा मंडईत जाणारे गृहस्थ पाडव्याला बुकिंग करून मोकळे होतात.

थांबणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. ब्लूमबर्ग या परदेशी संस्थेच्या पाहणीनुसार बॅटरीचा जागतिक सरासरी भाव २०२३ मध्ये युनिटमागे १३९ डॉलर होता, तो २०२४ मध्ये ११५ वर आला. ४५ युनिटांवर ही घट नव्वद हजारांच्या घरात जाते. पण ती जशीच्या तशी आपल्या खिशात पडत नाही. कंपनी बहुतेकदा भाव तेवढाच ठेवून बॅटरी मोठी देते. शिवाय भाव काही फक्त बॅटरीने ठरत नाही. राज्याच्या २०२१ च्या धोरणात पहिल्या १०,००० गाड्यांना दीड लाखापर्यंत अनुदान आणि लवकर घेणाऱ्यांना वर एक लाखापर्यंत सवलत होती. चांगल्या बॅटरीसाठी थांबलेल्यांच्या हातून ती गेली. त्याच्या उलटही झाले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, विजेच्या गाड्यांचा ५ टक्केच राहिला आणि दोन्हींतले अंतर एका दिवसात कमी झाले. ऑगस्ट २०२५ पासून पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर विजेच्या मोटारींना टोल नाही. यातले काहीही कोणी आधी वर्षभर सांगू शकले असते का?

येणाऱ्या तंत्रज्ञानाच्या तारखांचेही तसेच. सॉलिड-स्टेट बॅटरी २०२० नंतर लगेच येणार असे टोयोटाकडून २०१७ च्या सुमारास ऐकले होते. २०२३ मध्ये तीच तारीख २०२७-२८ झाली. टेस्लाने ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर केले होते की, यापुढच्या प्रत्येक गाडीत पूर्ण स्वयंचलनाला, म्हणजे गाडीने आपली आपण चालण्याला, लागणारे सगळे हार्डवेअर बसवलेले आहे. पुढे त्यांचा संगणक बदलला, मग पुन्हा बदलला. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये टेस्लाचे प्रमुख मस्क यांनी मान्य केले की, ज्यांनी स्वयंचलनाचे पैसे भरले आहेत त्यांच्या गाड्यांतला तिसऱ्या पिढीचा संगणक बदलून द्यावा लागेल. म्हणजे थांबून उपयोग नाही आणि "पुढे अपडेटमध्ये मिळेल" म्हणून आज पैसे मोजण्यातही अर्थ नाही. गाडी आज जे करते तेवढ्याचेच पैसे द्यावेत.

मग हार्डवेअर बघायचेच नाही का? बघायचे, पण जे नंतर बदलता येत नाही ते. बॅटरी किती युनिटची, सेल एलएफपी (लोह-फॉस्फेटचे) आहेत की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टचे), बॅटरी थंड ठेवायची सोय द्रवाची आहे की नुसत्या हवेची, जलद चार्जरवर गाडी जास्तीत जास्त किती किलोवॉट घेते आणि गाडीतला चार्जर ३.३ चा आहे, ७.२ चा की ११ चा. एलएफपी वजनाला जड, पण टिकाऊ, आणि रोज पूर्ण भरली तरी तिला फारसा त्रास होत नाही. आपल्या वापराला ती बरी. प्लगचा प्रश्न आता मिटला आहे, बहुतेक मोटारी सीसीएस-२ या एकाच प्रकारच्या प्लगवर आल्या. पण २०१७-१८ च्या सुमारास सरकारी ताफ्यातल्या गाड्यांसाठी डीसी-००१ नावाचे १५ किलोवॉटचे चार्जर बसवले गेले होते. त्या प्लगच्या गाड्या ज्यांच्याकडे राहिल्या, त्यांना जाऊन विचारा. पडदा बारा इंची की पंधरा इंची, सीटमधून हवा येते की नाही, आतले दिवे किती रंगांचे, या गोष्टी दर वर्षी बदलणार आहेत. त्यांच्यासाठी थांबणाऱ्याला शेवट नाही.

थांबण्याला माझ्या लेखी एकच सबळ कारण आहे. बदल जवळ आला आहे आणि तो नंतर न बदलता येणाऱ्या भागांपैकी आहे. एमजीची विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये ३८ युनिटची बॅटरी घेऊन आली आणि मे २०२५ मध्ये तीच गाडी ५२.९ युनिटची मिळू लागली. मार्च-एप्रिलमध्ये ज्यांनी घेतली, त्यांच्यातल्या कोणाला पुण्याहून चार्ज न करता परत यायचे असेल, तर दोन महिन्यांनी त्याला हवी तीच गाडी मिळाली असती. हे गिऱ्हाईकाला कळायला मार्ग नाही. कंपनीला मात्र वर्षभर आधी माहीत असते.

म्हणून माझी खरी तक्रार थांबणाऱ्यांबद्दल नाही, विकणाऱ्यांबद्दल आहे. साताऱ्यातल्या एका शोरूममध्ये मी विचारले, गाडीतला चार्जर किती किलोवॉटचा? त्या मुलाने मला सनरूफ उघडून दाखवले. दोष त्याचा नाही, त्याला तेवढेच शिकवले आहे. पण वीस-वीस लाखांची वस्तू विकताना वर सांगितलेल्या पाच गोष्टी, गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली आणि सॉफ्टवेअर किती वर्षे सुधारून देणार, हे सही-शिक्क्याच्या एका कागदावर बुकिंगच्या वेळीच हातात द्यायला काय हरकत आहे? निर्मितीचा महिना आरसीवर येतो, पण तोवर पैसे भरून झालेले असतात. आणि बुकिंग ते डिलिव्हरी यांच्यामध्ये तीच गाडी मोठ्या बॅटरीची आली, तर फरक भरून ती घेण्याची किंवा पैसे परत घेण्याची मुभा हवी. वस्तूची गुणवत्ता आणि क्षमता कळणे हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेला हक्क आहे. जिल्ह्यातल्या ग्राहक संघटनांनी हा विषय हाती घ्यावा.

घ्यायचे ठरलेच तर गाडीच्या आधी मीटर बघा. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ४५ युनिटची रिकामी बॅटरी भरायला पंधरा तास लागतील. पण रोजचे चाळीस-पन्नास किलोमीटर तीन तासांत भरून निघतात आणि बहुतेकांना तेवढे पुरते. ७.२ चा चार्जर बसवायचा तर लोड वाढवून घ्यावाच लागेल. दोन-तीन किलोवॉटच्या मंजुरीवर तो चालवू नये. गाडीसाठी वेगळे मीटर घेता येते, म्हणजे घरचा स्लॅबही चढत नाही. अर्थिंग तपासून घ्या. जुन्या पेठांतल्या वाड्यांत अर्थिंग म्हणजे भिंतीत खुपसलेली एक तार असते, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहे. अपार्टमेंटमध्ये असाल तर सोसायटीची परवानगी आधी लेखी घ्या. यातच दोन महिने जातात, तेवढ्यात बाजारात काय नवे येते तेही दिसते.

आपल्या पुरवणीला एक विनंती. पुढच्या वेळी फोटो थोडे लहान करा आणि प्रत्येक गाडीखाली या पाच गोष्टी छापा. कंपन्यांनी उत्तर दिले नाही तर ती चौकट रिकामी छापा.

आपला,
वीज खात्यातला एक निवृत्त कर्मचारी
शाहूपुरी, सातारा