फॉर्म भरला आहे

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरला. फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. आई गप्प झाली की मला पुढचं बोलता येत नाही.

तुमचं म्हणणं, वयाची वरची अट 2022 मध्येच निघाली, मग लग्नानंतर दोन वर्षांनी बस परीक्षेला. पण अट निघाली तरी वर्षं तेवढीच लागतात. पंचविसाव्या वर्षी प्रवेश मिळाला तर साडेचार वर्षं एमबीबीएस, वर्षभर इंटर्नशिप, मग सरकारी कॉलेजचा एक वर्षाचा बॉन्ड, म्हणजे सक्तीची नोकरी. तिथेच बत्तिसावं लागतं. एमडीची आणखी तीन. आज ढकललेली दोन वर्षं शेवटी तुमच्या म्हातारपणातून वजा होतील, आणि त्या गणपतीच्या रात्रीनंतर मला ते नको आहे.

शिवाय फार्मसीमुळे केमिस्ट्री आणि शरीरशास्त्र अजून ताजं आहे. फिजिक्स मात्र विसरत चाललंय, ते दोन वर्षांनी आणखी जड जाईल. पेपर तीन तासांचा, 180 प्रश्न, 720 गुण, त्यातले 360 एकट्या बायोलॉजीचे. बरोबरला चार, चुकलं की एक वजा, म्हणून उत्तरपत्रिकेतले गोळे अंदाजाने रंगवायचे नाहीत. बायोलॉजी पन्नास मिनिटांत उरकून जास्त वेळ फिजिक्सला ठेवायचा. गोळे शेवटी एकदम रंगवायला गेलं की एक ओळ सरकते आणि पुढचं सगळं चुकतं. पान संपलं की त्या पानाचे तेव्हाच. पुस्तकं एनसीईआरटीचीच, आकृतीखालच्या ओळीसकट.

पैशाची काळजी नको. खासगी कॉलेजचा विचारच नाही, बाबांच्या एफडीला हात लागणार नाही. दादाच्या वेळचं पुन्हा होऊ देणार नाही. सरकारी जागा मिळाली नाही तर फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन आहेच, परत दुकानात उभी राहीन. डबा दोन्ही वेळचा लावलाय, पोळ्या मऊ असतात, रात्री अकराला झोपते.

बाबा, लोखंडी कपाटातून दहावी-बारावीच्या मार्कलिस्ट आणि डोमिसाइल काढून ठेवा. लॅमिनेशन करू नका. टीसी आता फार्मसी कॉलेजची लागेल, ती मी आणते. गॅपचं प्रतिज्ञापत्रही मीच करीन.

आणि बीपी मोजताना आधी पाच मिनिटं शांत बसा, हात टेबलावर, बोलायचं नाही. आकडा वहीत लिहा. नीट आला म्हणून गोळी बंद करायची नाही, तो गोळीमुळेच नीट येतो. आई, लोणचं त्यांच्या ताटापासून लांब ठेव. आणि तू गुडघ्यांसाठी खाली बसून भाजी चिरू नकोस, टेबल घेतलंय ना?

सेंटर आपल्याच जिल्ह्यातलं मागितलंय. पेपर दुपारी दोनला, गेट दीडला बंद होतं. मिळालं तर आदल्या रात्री घरी येईन. सकाळी दहीसाखर तूच हातावर घाल, आई. आणि दहावीला झोपवलं होतंस तसं थोपटून झोपव.

तुमची,
छकुली