मक्याच्या दाण्यावरचे ठिपके

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, परवा फोनवर मक्याच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉकचं नाव निघालं आणि बोलणं अर्धवट राहिलं. तिच्याबद्दल मला तुम्हाला नीट सांगायचंय.

तिचा जन्म 1902 सालचा, अमेरिकेतला. मुलगी कॉलेजात गेली तर लग्न जमायचं नाही, अशी तिच्या आईला धास्ती होती. वडील डॉक्टर. ते युद्धावरून परतले आणि लेकीच्या बाजूने उभे राहिले, म्हणून 1919 साली ती कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात जाऊ शकली. हे वाचलं की मला तुम्ही दोघं आठवता. माझ्या वेळी तुम्ही एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ 'हो' म्हणालात.

तिने जन्मभर मका धरून ठेवला. कणसाला केस फुटायच्या आत त्यावर कागदी पिशवी चढवायची, म्हणजे भलत्या झाडाचे परागकण पडत नाहीत. मग हव्या त्या झाडाच्या तुऱ्यातले परागकण आणून स्वतःच्या हाताने त्या केसांवर टाकायचे आणि दाणे भरेपर्यंत थांबायचं. तिथल्या हवेत शेतात वर्षाला एकच पीक. काही चुकलं, तर थेट पुढचा उन्हाळा.

1940 च्या दशकात कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेत ती दाण्यांवरच्या ठिपक्यांमागे लागली. फिक्या दाण्यावर जांभळे ठिपके, काही मोठे, काही टाचणीच्या टोकाएवढे. तिने छडा लावला तो असा: पेशीत जनुकं ज्या धाग्यावर असतात, त्या गुणसूत्राचा एक तुकडा रंगाच्या जनुकात घुसून बसतो आणि रंग बंद पडतो. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीतून तो तुकडा निसटला, की त्या पेशीत आणि तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशींत रंग परत येतो. लवकर निसटला तर ठिपका मोठा, उशिरा निसटला तर बारीक. नुसत्या ठिपक्याच्या आकारावरून आत काय केव्हा घडलं हे तिला वाचता येत होतं! मला यापुढे हात जोडावेसे वाटतात.

तिला कोणी विचारत नव्हतं, असं सांगतात ते मला पटत नाही. 1945 मध्ये ती अमेरिकेच्या जेनेटिक्स सोसायटीची, म्हणजे आनुवंशिकी अभ्यासणाऱ्यांच्या संस्थेची, पहिली महिला अध्यक्ष झाली होती. पण जनुकं म्हणजे माळेत ओवलेले मणी, जागच्या जागी पक्के, असंच तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात होतं. 1951 च्या परिषदेत तिने जागा बदलणारे तुकडे मांडले, तेव्हा ते फारसे कोणाच्या गळी उतरले नाहीत. पुढे तिने या विषयावर मोठ्या नियतकालिकांत लिहिणं जवळजवळ थांबवलं. काम मात्र थांबवलं नाही. 1960 च्या दशकाअखेरीपासून असेच तुकडे जिवाणूंमध्ये सापडू लागले, तेव्हा कुठे लोक तिच्या मक्याकडे वळले. 1983 साली नोबेल मिळालं, एकटीला, वयाच्या 81 व्या वर्षी.

नोबेलसाठी ती शेतात जात नव्हती. प्रत्येक कणसात तिला काहीतरी दिसत होतं आणि ते तिला पुरत होतं. माझंही हल्ली बरंचसं तसंच आहे, म्हणून माझी काळजी करू नका. बाबा, पुढच्या खेपेला 'पेपर कधी छापून येणार' असं विचारण्याआधी 'काय दिसलं' असं विचाराल? सांगण्यासारखं पुष्कळ साठलंय.

तुमची,
लेक