जळजळ छातीत, कारण श्वासपटलापाशी

जळगाव

प्रिय सुभाष,

सप्रेम नमस्कार.

भरीत-पार्टीनंतर छाती जळते, करपट ढेकरा येतात आणि तू वांग्याला दोष देतोस. वांगं निर्दोष आहे, भाऊ. ‘ॲसिड वाढलं’ हेही बहुतेक वेळा खरं नसतं. ॲसिड असतं तेवढंच, फक्त नको तिथे चढतं.

अन्ननलिका जेमतेम सव्वा वीत, सुमारे 25 सेंमी. श्वासनलिकेमागून उतरून ती श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याच्या, भोकातून पोटात शिरते. दातांपासून जठराचं तोंड साधारण 40 सेंमीवर येतं. तिथे दाराची फळी नाही. नळीभोवतीचं 3-4 सेंमी लांबीचं स्नायूंचं कडं, त्यावर बाहेरून श्वासपटलाचा चिमटा आणि नळी जठराला तिरकी जुळल्याने झालेला कोन, या तिघांनी मिळून वाट बंद ठेवायची असते.

रिकामं जठर मुठीएवढं, जेवताना सैलावून लिटर-दीड लिटर घेतं. दिवसाला सुमारे 2 लिटर पाचकरस सुटतो. जठराच्या आतल्या अस्तरावर चिकट श्लेष्मा असतो आणि पेशी काही दिवसांतच बदलतात, म्हणून ते स्वतः जळत नाही. अन्ननलिकेचं अस्तर तोंडातल्यासारखं, या संरक्षणाशिवायचं. तिथे तोच रस लागला की आग.

आता तुझं रात्रीचं ताट बघ. जठर मिनिटाला सुमारे 3 लाटांनी अन्न घुसळतं आणि पुढच्या दारातून 1-2 मिलिमीटरपर्यंत बारीक झालेलंच सोडतं. शेवभाजीची तेलकट तर्री लहान आतड्यात पोचली की तिथून ‘हळू’ असा निरोप येतो. जठर तासन्‌तास भरलेलं राहतं. ताणलं गेलं की वरचं कडं वारंवार सैल पडतं. त्यात तू आडवा होतोस. तंबाखूही कडं ढिलं करते, ती सोडच.

जेवण आणि झोप यांत 3 तास ठेव. डाव्या कुशीवर झोप, म्हणजे जठराचं तोंड रसापेक्षा वर राहतं. उशा रचू नकोस, पोट दुमडून दाब वाढतो. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा आडव्या ठेव, 15 सेंमी उंची मिळते. डॉक्टरांनी दिलेली पॅन्टोप्राझोल नाश्त्याआधी अर्धा तास घे. ती ॲसिडचे चालू पंपच बंद करते, आणि ते चालू होतात जेवणाने. जळजळ सुरू झाल्यावर घेतलीस तर लगेच उतार पडत नाही, मग ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणतोस.

घास अडकायला लागला, वजन उतरलं, शौच डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त आलं तर घरगुती उपाय थांबव आणि दुर्बिणीची तपासणी करून घे. छातीत दुखताना घाम येऊन हात किंवा जबडा भरून आला तर आधी ईसीजी, पोटाचं नंतर.

गोळी किती वाजता घेतोस आणि रात्री किती वाजता जेवतोस, तेवढं लिहून पाठव.

तुझा,
विलास