आईच्या कोपराचं माप

पुणे,
सोमवार, १४ जुलै २०२५

ती. आई आणि ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि आई "बरं बरं, तुम्हाला हवं तसं करा" म्हणून ठेवून देते. म्हणून घराच्या दुरुस्तीचं सगळं सविस्तर लिहितोय. ताई, तू मोठ्याने वाचून दाखव.

आधी मुख्य गोष्ट. तुमची खोली तुमचीच राहणार आहे. बाबा, मागे तुम्ही म्हणालात, "नातवंडांना आमची खोली द्या, आम्हा दोघांना काय, हॉलमध्ये एक पलंग पुरे." तुमचं ऐकून पहिल्या आराखड्यात तसंच काढून घेतलं होतं. तो कागद मी दोन रात्री समोर ठेवून बसलो. हॉलमध्ये टीव्ही चालणार, मोठीच्या मैत्रिणी येणार, छोटा रात्री उठून रडणार. बाबांना दुपारी आडवं व्हायचं तर माणसं उठून जायची वाट बघायची? तिसऱ्या दिवशी सूनबाईच म्हणाली, "हे नको." मग कागद फाडला आणि पुन्हा पहिल्यापासून विचार केला.

मोठीसाठी हॉलमधूनच जागा काढली. हॉलला दोन खिडक्या आहेत, त्यामुळे मधे कपाटांचीच भिंत उभी केली तरी दोन्हीकडे उजेड-वारा राहतो. विटांची भिंत नाही, प्लायवूडची. उद्या नको झाली तर काढता येईल. बैठकीची खोली लहान झाली हे खरं. पण तुमची रविवारची बुद्धिबळाची मंडळी तशीही गॅलरीतच बसतात. ती गॅलरी बंद करून खोली काढा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. इंजिनिअरने मात्र साफ नकार दिला. गॅलरीची स्लॅब पुढे लोंबती आहे, तिच्यावर भिंतीचं ओझं नको. स्वयंपाकघर आणि मधल्या खोलीतली भिंतही त्यांनी पाडू दिली नाही. आपली इमारत भिंतींवर उभी आहे, खांबांवर नाही. ती चौदा इंची भिंत वरचे दोन मजले तोलून धरते. साडेचार इंची भिंतींनाच काय तो हात लावायचा, असं ठरलं.

आई, तुला एक दाखवायला ठेवलंय. न्हाणीघराची भिंत फोडल्यावर प्लंबरने जुन्या लोखंडी पाइपाचा वीतभर तुकडा कापून माझ्या हातात दिला. बाहेरून अर्धा इंची पाइप, आत गंजाचे थर चढून चढून जेमतेम पेन्सिल जाईल एवढं भोक. आई, तू कित्येक वर्षं पहाटे साडेचारला उठून पिंप भरत होतीस, कारण नंतर नळाला करंगळीएवढी धार. आपण पाणी सोडणाऱ्यांना नावं ठेवत राहिलो. पाणी पुरेसं येत होतं गं, आपल्याच भिंतीत अडकत होतं. आम्ही दोघं भावंडं तेव्हा झोपलेलो असायचो. मला हे फार लागलं. आता सगळे पाइप बदललेत, सकाळी आठला नळ सोडला तरी बादली भरते.

वायरिंगही पूर्ण नवं केलं. लाकडी पट्ट्यांवरच्या जुन्या तारांना अर्थिंगच नव्हतं, आणि त्याच्यावर आपण गिझर चालवत होतो! आता विजेची गळती झाली की आपोआप वीज तोडणारं स्विच बसवलंय.

न्हाणीघराचं दार २४ इंचांचं होतं, ते ३३ केलं. उंबरा काढून टाकला. पाणी बाहेर येऊ नये म्हणून फरशीला उतार दिलाय. कमोडजवळ आणि शॉवरखाली धरायला दांड्या आहेत. त्या नुसत्या टाइल्समध्ये नाहीत, विटांत खोल स्क्रू घालून बसवल्यात. मी स्वतः लोंबकळून पाहिलं. खाली कोबा फोडताना मात्र खालच्या काकूंच्या छतातून पाणी टपकलं. त्या रागावल्या आणि ते योग्यच होतं. त्यांचं छत मी रंगवून दिलंय.

हॉलची आणि तुमच्या खोलीची मोझॅक फरशी तशीच ठेवली, फक्त मशीनने पॉलिश केली. फरशीवर फरशी घातली असती तर दारादारांत अर्धा-पाऊण इंचाची ठेच राहिली असती, आणि बाबा पाय ओढत चालतात. आईच्या शिवणयंत्राच्या पायांचे चार गंजके ठिपके पॉलिशनेही गेले नाहीत. कारागीर म्हणाला, फरशा बदलून देतो. नको म्हटलं.

परवा १२ जुलै होता. बाबा, तुम्हाला आठवण झालीच असेल. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा तुम्ही बारा वर्षांचे, आणि नारायण पेठेतला वाडा डोळ्यांदेखत मातीत बसलेला. १९६५ साली हा ब्लॉक घेताना अण्णांनी तळमजला नाकारून पहिल्या मजल्याचाच हट्ट धरला, तो त्याच धसक्याने. परवा राडारोडा उतरवताना जिन्यात उभा होतो आणि पायऱ्या मोजल्या. अठरा. अण्णांना त्यांनी निर्धास्त झोप दिली, आता तुमच्या गुडघ्यांना त्याच जड जातात. लिफ्ट बसण्यासारखी नाही. पण भिंतीच्या बाजूनेही कठडा लावायला सोसायटीने परवानगी दिली, खर्च आपला. बाबांचा डावा हात जास्त भरवशाचा आहे, त्यांना उतरताना तोच लागेल.

आणि हो, एफडी मोडू नका. खर्चाचं मी बघतो. खरंच जमतंय.

आता राहिलं स्वयंपाकघर. जुना कडप्प्याचा ओटा ३० इंच उंच होता. बाबांनी गवंड्याला आईच्या मापाने तसा बांधायला लावला होता, हे मला माहीत आहे. सूनबाई आईपेक्षा वीतभर उंच, आणि तेरा वर्षं ती त्याच्यावर वाकून काम करतेय. कंबर दुखते हे तिने मला कधी सांगितलं नाही, डॉक्टरांकडून कळलं. म्हणून गॅसची बाजू ३४ इंचांवर घेतोय. पण खिडकीजवळचे तीन फूट आईचे, खाली उतरलेले. तिथे पोळ्या लाट, भाजी निवड, तुझं तू ठरव.

त्याचंच माप हवंय. तुझी उंची आता थोडी कमी झालीये, त्यामुळे जुनं माप धरायचं नाही. ताई, आईला अनवाणी सरळ उभं कर, हात कोपरात दुमडायला सांग आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लाव. त्यातून पाच इंच वजा करून ओटा घेऊ. पुढच्या गुरुवारी, २४ तारखेला दगड कापायला घेणार आहेत, त्याआधी आकडा फोनवर कळव. आई "किती का असेना" म्हणेल, तिचं ऐकू नकोस. दोनदा मोज.

तुमचा,
बाळू